जुनेपणाचा भरंवसा

विश्वास कोणावर व किती ठेवावा, हा प्रश्न आपल्या नीतिग्रंथांत वारंवार येतो. परंतु तो बहुधा ओळखीच्या माणसांसंबंधीं असतो. मित्रावर किती विसंबावें, नोकराच्या हातीं किल्ल्या द्याव्या कीं नाहीं, कालचा शत्रु आज गोड बोलूं लागला तर काय समजावें, याची चर्चा पंचतंत्रापासून चालत आलेली आहे. शहरांत राहणाऱ्या मनुष्याचा विश्वास मात्र निराळ्या जातीचा असतो. तो लिफ्टमध्यें पाय ठेवतो, पुलावरून जातो, नळाचें पाणी पितो, औषधाची गोळी गिळतो. आणि या प्रत्येक वेळीं, ज्यांचें तोंडहि त्यानें कधीं पाहिलें नाहीं अशा माणसांच्या हवालीं आपला जीव करतो. हा विश्वास भोळेपणाचा म्हणावा, आळसाचा म्हणावा, कीं शहाणपणाचा? आणि तो फसला म्हणजे दोष ठेवणाऱ्याचा, कीं ज्याच्यावर ठेवला त्याचा? लिस्बन येथील एका टेकडीवरच्या लहानशा गाडीनें २०२५ सालीं हा प्रश्न इतक्या उघड्या स्वरूपांत पुढें आणला कीं, त्याचा विचार तिच्याच आधारानें करणें सोईचें होईल.

लिस्बन हें नांव मराठी वाचकांस परकें नाहीं; १९६१ पर्यंत गोमंतकाचा कारभार ज्या राजधानींतून चाले, तीच ही. टॅगस नदीच्या मुखाशीं टेकड्यांच्या अंगाखांद्यावर वसलेलें हें शहर आहे, आणि तेथें एका पेठेंतून दुसरींत जावयाचें म्हणजे पुष्कळदां जिना चढल्यासारखेंच होतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या चढणींवर गाड्या घालण्याचें काम राउल मेनिए द्यु पोंसार या एंजिनियरानें हातीं घेतलें. हा गृहस्थ पोर्तो शहरीं जन्मलेला, पण आईबाप फ्रेंच. लाव्ह्रा चढणीवरची गाडी १८८४ सालीं सुरू झाली, आणि ग्लोरिया चढणीवरची २४ ऑक्टोबर १८८५ रोजीं. खालीं रेश्ताउरादोरिश नांवाचा मोठा चौक व वर बाइरु आल्तु ही जुनी पेठ. यांमधील हा मार्ग पुरता तीनशें मीटरांचाहि नाहीं.

वणीच्या सप्तशृंगगडावर २०१८ सालीं सुरू झालेली दोराची गाडी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस अशा गाडीची कल्पना सहज येईल. गाड्या दोन आणि दोर एक. दोराचीं दोन टोकें दोन गाड्यांस बांधलेलीं असतात व मधला दोर चढणीच्या माथ्यावरील एका मोठ्या चाकावरून वळलेला असतो. एक गाडी वर निघाली कीं दुसरीला खालीं यावेंच लागतें, आणि उतरणारीचें वजन चढणारीस ओढून घेतें. बाहेरून बळ लावावयाचें तें केवळ दोहोंमधील फरकापुरतें. आरंभीं तें बळ पाण्याचें असे. वरच्या गाडीच्या टाकींत पाणी भरावें, खालच्या गाडीचें सोडून द्यावें, म्हणजे वरची जड होऊन खालचीस उचली. पुढें वाफ आली, आणि १९१५ सालीं वीज आली. युक्ति मात्र तीच राहिली. ग्लोरियाच्या रस्त्यावर हा दोर फरसबंदीच्या खालून, एका अरुंद खाचेंतून जातो. म्हणजे ज्याच्या जोरावर सर्व चाललें आहे, तो प्रवाशाच्या दृष्टीस पडत नाहीं. पुढील विचारांत या एका गोष्टीला बरेंच महत्त्व आहे.

परगांवच्या मनुष्यास या गाडीची ओढ कां वाटते, हें समजण्यास लिस्बनला जाण्याचीहि आवश्यकता नाहीं. पिवळ्या रंगाचा डबा, समोरासमोर मांडलेलीं लांकडी बांकें, उतारावर उभी असूनहि आंत सपाट राहिलेली जमीन, खिडकीबाहेर तिरपीं दिसणारीं घरें, यांत एक बालसुलभ गंमत आहे. ही चढण पायीं चढली तरी पांच-सात मिनिटांत संपते. धडधाकट पाहुण्यास गाडीची गरज मुळींच नसते. तो गरजेसाठीं बसत नाहीं. ज्या बांकावर त्याच्या आज्याच्या वयाचीं माणसें बसलीं, त्या बांकावर आपणहि घडीभर बसावें, एवढ्यासाठीं तो रांगेंत उभा राहतो. २००२ सालीं या गाडीची गणना राष्ट्रीय स्मारकांत झाली आणि मग ती ओढ अधिकच वाढली. ही इच्छा क्षुद्र आहे असें मला वाटत नाहीं. जुन्या वाड्याच्या उंबरठ्यावर हात फिरविणारा मनुष्य आणि हा पाहुणा एकाच भावनेनें वागत असतात. परंतु या भावनेच्या पाठोपाठ, न बोलावतां, एक अनुमान त्याच्या मनांत शिरतें: ज्या अर्थीं ही गाडी इतकीं वर्षें चालली आहे, त्या अर्थीं ती आजहि नीट चालेल. वय हेंच तो प्रमाणपत्र समजतो. नव्या कोऱ्या यंत्रांत बसतांना ज्याची छाती धडधडली असती, तो या लांकडी डब्यांत निर्धास्त असतो.

३ सप्टेंबर २०२५ रोजीं, संध्याकाळीं सहाच्या सुमारास, दोन्ही गाड्या नित्याप्रमाणें निघाल्या. वरची गाडी कांहीं मीटर उतरते न उतरते तोंच, तिच्या खालच्या बाजूस दोर जेथें जोडलेला होता तेथून तो सुटला. खालची गाडी सुमारें दहा मीटर मागें घसरून थांबली. वरची उतारावर मोकळी झाली. गाडी चालविणाऱ्यानें यंत्राचा ब्रेक लावला, हाताचाहि लावला. पण दोराचा तोल गेल्यावर एकटी गाडी थोपवून धरण्याची शक्ति त्या ब्रेकांत नव्हती. वळणावर ती रुळांवरून उडाली व ताशीं सुमारें साठ किलोमीटरांच्या वेगानें एका इमारतीच्या भिंतीवर आदळली. दोर सुटल्यापासून तेथपर्यंत एक मिनिटहि गेलें नव्हतें. १६ माणसें मृत्यु पावलीं. गाडी चालविणाराहि त्यांत होता. मृतांपैकीं ११ परदेशीय होते. राहिलेल्या पोर्तुगीजांपैकीं चौघेजण चढणीच्या माथ्याजवळील एका जुन्या धर्मादाय संस्थेंत काम करणारे होते. गाडीला १४० वर्षें पुरीं होण्यास त्या दिवशीं सात आठवड्यांचा अवकाश होता.

आतां त्या अनुमानाकडे वळूं. १४० वर्षें कोणाला झालीं होतीं? दोराला नव्हेत. तो दोर बसवून ३३७ दिवस झाले होते. अशा दोराचें आयुष्य ६०० दिवसांचें धरलेलें होतें. म्हणजे हिशेबाप्रमाणें त्याचे २६३ दिवस अद्याप शिल्लक होते. पाण्याच्या टाक्या केव्हांच गेल्या होत्या, वाफेचें यंत्र गेलें होतें, आणि दोर तर दर दोन वर्षांच्या आंत बदलावयाचा. मिलिंद राजाच्या प्रश्नांतील नागसेनाची गोष्ट येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. राजा रथांतून आला असें म्हणाला, तेव्हां नागसेनानें त्यास विचारलें कीं, दांडी म्हणजे रथ काय, आंस म्हणजे रथ काय, चाकें म्हणजे रथ काय? राजाला प्रत्येक वेळीं नाहीं म्हणावें लागलें, आणि रथ ही या सर्वांच्या जुळणीवर ठेवलेली एक संज्ञा आहे असें ठरलें. नागसेनाला त्यांतून आत्म्याविषयींचा एक मोठा सिद्धांत काढावयाचा होता. आपलें काम पुष्कळच लहान आहे. आपणांस इतकेंच पाहावयाचें आहे कीं, म्हातारी होती ती संज्ञा. प्रवाशाचा विश्वास ग्लोरिया या नांवावर बसला होता आणि त्याच्या देहाचा भार वर्षभराच्याहि नसलेल्या एका तारेच्या दोरावर होता. या दोहोंत कांहींहि नातें नव्हतें असें नाहीं. पण तें नातें काय होतें, हें कोणी विचारीत नव्हतें.

कोणी म्हणेल, १४० वर्षांचा अनुभव हा कांहीं पुरावाच नव्हे काय? आहे, परंतु कशाचा? आपल्या नैयायिकांनीं या प्रकारच्या अनुमानाची फोड फार चांगली केली आहे. जेथें अग्नि तेथें धूर, असें म्हणून चालत नाहीं. कारण तापलेल्या लोखंडांत अग्नि असून धूर नसतो. धूर निघतो तो ओल्या सरपणाशीं अग्नीचा संयोग झाल्यामुळें, आणि हा मधला न बोललेला उपाधि ज्याच्या ध्यानांत येत नाहीं, त्याचें अनुमान फसतें. इतकीं वर्षें चालली म्हणून आज चालेल, या वाक्याच्या पोटांतहि असाच एक उपाधि दडलेला आहे. तो असा कीं, त्या प्रत्येक वर्षीं कोणीतरी खालीं उतरून, हात काळे करून, दोर पाहिला होता. योग्य तो आणला होता. जुना वेळेवर काढला होता. गाडीचें दीर्घायुष्य हा गाडीचा गुण नव्हता. तें त्या माणसांच्या काळजीचें फळ होतें. म्हणून जुनी वस्तु आपणांस एवढेंच सांगूं शकते कीं, पूर्वीं काळजी घेतली गेली. ती काल घेतली गेली कीं नाहीं, याविषयीं ती मुकी असते. किंबहुना ती दिशाभूलच करते. कारण कालची हयगय आज दिसत नाहीं, पन्नास वर्षांपूर्वींची कळकळ मात्र अजून दिसत राहते.

असें असलें तरी प्रवाशास दोष देण्यास मी तयार नाहीं. सावध राहावें, डोळे उघडे ठेवावे, हा उपदेश अशा प्रसंगानंतर ऐकूं येतोच. पण त्यानें डोळे उघडून पाहावयाचें होतें तरी काय? दोर जमिनीखालीं होता. त्याच दिवशीं सकाळीं ज्यांचें तें कामच होतें त्यांनीं गाडीची नित्याची पाहणी केली, आणि तींत कांहीं वावगें आढळलें नाहीं. कारण जेथें तो सुटला तें ठिकाण सर्व उकलल्याशिवाय दिसण्यासारखेंच नव्हतें. जें जाणत्यांस दिसलें नाहीं तें कोरियाहून वा कॅनडाहून आलेल्या पाहुण्यास दिसावें, ही अपेक्षा अन्यायाची आहे. गांवकऱ्याला निदान कालपरवांची गाडी कशी चालत होती याची आठवण असते. एखादा नवा आवाज त्याच्या कानाला खटकूं शकतो. पाहुण्याला भूतकाळच नसतो. तो त्या शहरांत केवळ आजच्यापुरता असतो, आणि म्हणून सर्वांत अधिक विश्वास टाकणारा तोच असतो. अतिथीला देव मानण्याची आपली जी जुनी शिकवण आहे तिचें मूळ केवळ सौजन्यांत नसावें. घरांत कोणतें पाणी गढूळ आहे आणि कोणती पायरी हलते, हें त्याला ठाऊक नसतें, हेंहि तिच्या मुळाशीं असावें.

या अदृश्यपणाची दुसरीहि एक बाजू आहे. पूर्वीं डोंगरावरच्या देवाला डोलींतून जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसास आपला भार कोणाच्या खांद्यावर आहे तें दिसे. भोयाचा श्वास ऐकूं येई, त्याच्या मानेवरचा घाम दिसे. अवघड वळणावर, थांब बाबा, दम घे, असें म्हणण्याची सोय होती, आणि न म्हटलें तर लाज वाटण्याचीहि सोय होती. डोली चांगली होती असें मला म्हणावयाचें नाहीं. माणसानें माणसाच्या खांद्यावर बसावें ही रीति जितक्या लवकर जाईल तितकें बरें. माथेरानला माणसानें ओढावयाच्या रिक्शा बंद करण्याविषयीं सर्वोच्च न्यायालयानें २०२५ सालीं सुनावलें, तें योग्यच झालें. पण भोई जाऊन दोर आला तेव्हां आपली लाज गेली, आणि तिच्याबरोबर आपलें लक्षहि गेलें. भार वाहणारा दिसेनासा झाला म्हणजे भारहि नाहींसा झाला, असें मनास वाटूं लागतें. वस्तुतः दोराच्या मागेंहि माणसेंच असतात. फक्त तीं चढणीवर नसून कचेरींत, कोठारांत आणि कारखान्यांत असतात.

या माणसांविषयीं तपासणाऱ्यांनीं जें लिहिलें आहे तें माझ्या मतें या सर्व प्रकरणांतील विचार करण्यासारखा भाग होय. ऑक्टोबर २०२५ मधील प्राथमिक अहवालांत असें म्हटलें आहे कीं, लावलेला दोर गाडी चालविणाऱ्या संस्थेनें स्वतःच ठरविलेल्या वर्णनाबरहुकूम नव्हता; माणसें नेणाऱ्या गाडीस तो लावण्याचें प्रमाणपत्र त्याला नव्हतें; आणि टोकाशीं पीळ फिरूं देणारी जी जोडणी होती तिच्याशीं तो जोडणेंहि योग्य नव्हतें. याच प्रकारचा दोर २०२२ पासून वापरांत होता. यामुळेंच दोर सुटला असें त्या अहवालानें म्हटलेलें नाहीं, व तेवढा विवेक आपणहि राखला पाहिजे. तरीपण एक गोष्ट कारणाचा निकाल लागण्यापूर्वींहि स्पष्ट आहे. दोर मागविणारा, तो मोजून घेणारा, बसविणारा, रोज पाहणारा, अशी ही एक सांखळी होती. आणि तींतील प्रत्येकानें आपल्या आधीच्यावर विश्वास ठेवला. मागविणाऱ्यानें योग्यच मागविला असेल असें घेणाऱ्यास वाटलें; घेणाऱ्यानें पाहिलाच असेल असें बसविणाऱ्यास वाटलें; आणि एकदां बसल्यावर तो गाडीचाच भाग झाला, व गाडी तर १८८५ पासून चालत होती! जुनेपणाची भुरळ केवळ पाहुण्यांनाच पडते असें नाहीं.

म्हणून विश्वासाचे दोन प्रकार करणें मला अवश्य वाटतें. ज्याला पाहतां येत नाहीं त्यानें ठेवलेला विश्वास निष्पाप असतो. त्यावांचून शहरांतील जीवन एक दिवसहि चालणार नाहीं, आणि त्यास भोळेपणा म्हणणें म्हणजे आंधळ्याला वाट विचारली म्हणून हंसण्यासारखें आहे. परंतु ज्याला पाहतां येतें, ज्याला पाहण्यासाठींच नेमलें आहे, त्यानें ठेवलेला विश्वास हा सद्गुण नव्हे. तेथें संशय हाच धर्म आहे. घरीं हा मनुष्य कितीहि श्रद्धाळु असो. कामावर त्यानें आपल्या सोबत्याच्या सहीवर, आपल्या वरिष्ठाच्या शब्दावर, इतकेंच काय, कालच्या स्वतःच्या पाहणीवरहि विसंबतां कामा नये. थोड्यांनीं सतत संशय घ्यावा म्हणजे पुष्कळांस निश्चिंत बसतां येतें, अशीच शहराची व्यवस्था असते. अडचण एवढीच कीं, संशय घेणारा मनुष्य कोणालाहि आवडत नाहीं. तो काम अडवितो, खर्च वाढवितो, सोबत्यांचा अपमान केल्यासारखें त्यांस वाटतें. आणि त्याचें म्हणणें खरें ठरून कांहीं अनिष्ट टळलें, तर टळलेलें अनिष्ट कोणाला दिसत नाहीं. रंग नवा दिला तर वर्तमानपत्रांत चित्र येतें. वेळेच्या आधीं दोर बदलला तर कोणी हारतुरे घेऊन येत नाहीं.

त्या गाडी चालविणाऱ्याचा विचार मनांतून लवकर जात नाहीं. त्याला जें करावयाचें होतें तें त्यानें केलें. परंतु सांखळीच्या शेवटच्या टोकाशीं उभ्या असलेल्या मनुष्याचें कर्तव्य हें फार विचित्र असतें: आधींच्या सर्वांनीं आपापलें केलें असेल तर त्याला बहुधा कांहींच करावें लागत नाहीं, आणि त्यांनीं केलें नसेल तर त्याच्या करण्याचा उपयोग होत नाहीं. तरी तें त्यानें करावयाचेंच असतें. गीतेंतील फलनिरपेक्ष कर्माचा अर्थ पंडितांनीं पुष्कळ प्रकारें सांगितला आहे. दोन ब्रेक ओढून धरलेल्या त्या मनुष्याच्या उदाहरणावरून तो मला अधिक कळला, आणि अधिक कठोरहि वाटला.

या दुर्घटनेनंतर, अशा जुन्या गाड्या बंदच कां करूं नयेत, असाहि एक विचार निघणें साहजिक आहे. तो मला पटत नाहीं. जुनें टाकून दिल्यानें काळजी घेण्याची संवय लागते असें थोडेंच आहे? नवें यंत्रहि उद्यां जुनें होणार, आणि त्याच्यापोटींहि कोणीतरी न पाहिलेला एखादा दोर असणारच. प्रश्न आहे तो जुन्यांतील जपावयाचें काय, याचा. लांकडी बांक जपावें, डब्याचा आकार जपावा, चढणीवरचा तो सावकाश चालण्याचा डौल जपावा. हें सर्व पाहण्याचें व बसण्याचें आहे. परंतु ज्यावर जीव टांगलेला आहे त्यास स्मारकाचा मान देऊं नये. ब्रेकाला इतिहास नसावा. एकटी सुटलेली गाडी थांबवूं न शकणारी रचना जर इतकीं वर्षें तशीच राहिली असेल, तर ती रचना परंपरा म्हणून राहिली, कीं तिची पाळी आली नाहीं म्हणून कोणाच्या ध्यानांत आली नाहीं, हें प्रत्येक जुन्या शहरानें आपल्या प्रत्येक जुन्या वस्तूविषयीं विचारून पाहण्यासारखें आहे. आणि तिकिटाचे पैसे घेणाऱ्यानें तर हें पाहुण्याच्या वतीनें विचारलें पाहिजे. कारण तो ज्या जुनेपणाचे पैसे घेतो, त्या जुनेपणावर भाबडेपणानें विसंबण्यास शिकवितोहि तोच.

मेनिएचें नांव जिच्याशीं जोडलेलें आहे अशी आणखी एक गाडी पोर्तुगालच्या उत्तरेस, ब्रागा शहराजवळ आहे. बों जेझुश या देवळाच्या टेकडीवर १८८२ सालीं ती सुरू झाली, म्हणजे ग्लोरियाहून तीन वर्षें वडील. आणि तिच्यावर वीज अद्याप आलेली नाहीं. ती पाण्याच्याच वजनानें चालते. त्यामुळें प्रत्येक फेरीच्या आधीं खालच्या टोकाकडून वर कळवावें लागतें कीं, या वेळीं गाडींत माणसें किती बसलीं आहेत. आणि तो आंकडा कळल्यावर, तेवढ्या माणसांपुरतें पाणी वरच्या टाकींत सोडतात.